चढणीवरची कळशी

मी स्वभावानं तापट, आणि माझी मोटार माझ्याहून तापट. एकोणीसशे तीसनंतरची काही वर्षं मी रत्नागिरी ते मालगुंड सर्विस मोटार चालवीत होतो. मोटार स्वतःची होती, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे.

वाटेत जांभ्या दगडात खोदलेली एक लांबलचक चढण होती. चार सिलिंडरचं माझं म्हातारं इंजिन भरल्या मोटारीनिशी ती चढत नसे. म्हणून पायथ्याशी सगळ्या उतारूंनी उतरायचं, मी रिकामी मोटार पुढे न्यायची आणि त्यांनी मागून चालत यायचं, असा रिवाजच पडला होता. रिकामी मोटारसुद्धा अर्ध्या चढणीवर उकळायची. नेमकं तिथंच माझ्या थोरल्या बहिणीचं घर होतं.

मी तिला बाय म्हणायचो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बायनंच मला वाढवलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तिकडेच तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीला माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर विचारायची, "गाय काय तुज्या मोटारीत बसून येईल?"

रोज सकाळी मी तिच्या दारात मोटार लावायचो. ती तांब्याची कळशी घेऊन उभीच असायची. ही कळशी फक्त मोटारीची. चिंच लावून घासलेली, घरकामाला बाय ती कधी घ्यायची नाही. रेडिएटरचं टोपण फडक्यानं उघडून ती पाणी ओतायची आणि ओतता ओतता माझं तोंड बघून घ्यायची. मग पडवीत मला चहा. दमलेला दिसलो की गुळाचा खडा जास्त पडे. दिवसातून एवढीच भेट, कारण परत येताना उतार, आणि त्या उतारावर मोटार थांबवायची माझी छाती नव्हती. पण त्या अर्ध्या तासावर बायचा दिवस जात होता. आणि खरं सांगायचं तर माझाही.

पावसाळ्यात सर्विस बंद. एका पावसाळ्यात झावळ्यांच्या शेडमध्ये इंजिन उतरवून खोललं तेव्हा मिस्त्री तोंड वाकडं करून उभा राहिला. बंदरावरच्या लाँचींवर हात बसलेला, फार न बोलणारा माणूस.

"पुन्हा बोअर करून रिंगा टाकल्या तर चालेल पूर्वीसारखं," तो म्हणाला. "पण कोल्हापूरकडे एक लॉरी मोडीत निघाली आहे. सहा सिलिंडर. मोटारीची चौकट थोडी वाढवून तिचं इंजिन बसवतो. भरली मोटार चढण चढेल, पाण्याचा थेंब न मागता."

पाण्याचा थेंब न मागता! मी एकदम भडकलो. मोठं इंजिन पेट्रोल किती पिईल, चौकट टिकेल का, ब्रेक पुरे पडतील का, असे सतरा फाटे फोडले. मिस्त्रीनं प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं. शेवटी मी म्हणालो, "जुनंच बसव." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आठ दिवस कशालाच हात लावला नाही. मला खरं कारण सांगता येत नव्हतं. बहिणीच्या दारात थांबायला मिळावं म्हणून मोटार उकळती ठेवतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

श्रावणात बायकडे गेलो. मोटार घेतल्यापासून ती चढण मी पायी चढलो नव्हतो. त्या दिवशीही मळ्यातली जवळची पायवाट धरली. बाय इरलं घेऊन शेतात तण काढत होती. बांधावर उभ्या उभ्याच मी तिला सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "पण मी नाय म्हणून सांगितलंय. जुना इंजिनच बरा."

ती खूश होईल अशी माझी समजूत. तिनं हातातलं तण बांधावर आपटलं.

"तू मोटारीचा तोंड बघतंस. मानसांची तोंडा मी बघतंय," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदी एक पोर चढून आली, दिवस भरलेली. माज्या पडवीत भिंत धरून बसली. पाय बर्फासारकं. मी चोळीत होती, आनि तू भायेर भोंगा वाजवीत होतास."

मला तो दिवस आठवला. चहा घेऊन मी मोटारीत जाऊन बसलो होतो, कोण मागे राहिलंय म्हणून चिडलो होतो आणि रबरी भोंगा पिळून पिळून सगळा डोंगर उठवला होता. आपल्याच बहिणीच्या पडवीत कोण बसलंय ते मान वळवून बघितलंही नव्हतं. ती पोर उठून उरलेली चढण चालत गेली, असं बाय म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मोठा बसवू?"

"तर काय! मी काय मोटारीचा पानी भरायला जन्माला आलेय?" ती पुन्हा वाकून तण काढायला लागली. मान वर न करताच तिनं विचारलं, "मंग ती कळशी घरात वापरू ना?"

 परतताना सगळी वाट मी रडत आलो, पाऊस होता म्हणून कोणाला कळलं नाही.

दसरा झाला आणि झेंडूच्या माळा घालून सहा सिलिंडरची मोटार निघाली. मिस्त्रीनं बजावलं होतं, भरल्या मोटारीनं चढणीत मध्येच थांबायचं नाही, ब्रेक जुनेच आहेत. पायथ्याशी सवयीनं सगळे उठले. मी म्हटलं, बसा. बसले. एका म्हाताऱ्याचा मात्र विश्वास बसेना. पिशवी घेऊन, धोतर सावरत तो उतरलाच. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाला.

मोटार चढली. बाय दारात उभी होती, हातात काही नव्हतं. मी वेग कमी करतोय असं वाटून तिनं जोरजोरात हात हलवला, जा, जा. मी गेलो.

माथ्यावर मोटार लावली, चाकांमागे दगड टाकले, उतारूंना म्हटलं, जरा बसा, आणि चालत खाली आलो.

"काय झाला? बंद पडली?" बाय घाबरून पुढे आली.

"नाय. पानी पायजे होता."

"मोटारीला?"

"मला."

तिनं आतून तीच कळशी आणली, घासलेली, भरलेली. मी ओंजळीनं पाणी प्यायलो, ती माझं तोंड बघत राहिली. इतक्यात वरून भोंगा वाजला. कोणातरी उतारूला घाई झाली होती. थांबला आणि पुन्हा वाजला.

"वाजू दे," मी म्हणालो.

"जा," बाय म्हणाली. "कोनाला कसली घाई हाय, तुला काय ठाव?"

तेवढ्यात तो म्हातारा धापा टाकत दारापर्यंत पोचला. बायनं त्यालाही पाणी दिलं. त्याची पिशवी मी घेतली, त्याचा हात धरला, आणि उरलेली चढण आम्ही दोघं चढलो. फार लांब होती.