लालबाईने पकडलेलं खोटं घड्याळ

ऑफिसात तिला लालबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिचं काम कर्नलच्या चाचण्या चालवण्याचं. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुठलं काम कधी चालायचं, कधी थांबायचं, हे तो ठरवतो. प्रत्येक चाचणीत एक अट लिहिलेली असते, आणि ती मोडली की पडद्यावर लाल ओळ येते. बाकीचे लोक लाल ओळ दिसली की चाचणी पुन्हा चालवत आणि हिरवी झाली की चहाला जात. ही मात्र लाल ओळ धरून बसायची.

एक चाचणी चाळीसात एकदा पडायची. अट साधीच होती: कामाला दहा मिलिसेकंद झोपायला सांगितलं, तर मोजल्यावर निदान दहा भरले पाहिजेत. कधीमधी नऊच भरत.

"चाचणीच नाठाळ आहे," मुख्य अभियंते म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणत. "दहाच्या जागी आठ लिहा."

"आणि सात आले तर?"

"तर सहा लिहू. बाई, सगळंच इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

मग मीटिंग झाली. यापुढे कुठलीही चाचणी तीनदा चालवायची आणि एकदा जरी पास झाली तरी पास धरायची, असं ठरलं. या पळवाटेला 'स्थैर्य धोरण' असं भारदस्त नावही मिळालं. "माझ्या मुलीच्या शाळेला कळवते हे धोरण," लालबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

घरी नवऱ्यानं विचारलं, "एक मिलिसेकंद म्हणजे असतो तरी केवढा?"

"तू हो म्हणून विसरतोस ना, त्याहून थोडा कमी."

तीन आठवडे ती त्या बिघाडामागे लागली. चाचणी चालू असताना नोंदी पडद्यावर छापायला घेतल्या की तिचा वेग बदलायचा आणि बिघाड पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा शहाणा व्हायचा. म्हणून तिनं नोंदी मेमरीतच साठवल्या आणि अट मोडल्यावरच बाहेर काढल्या. मशीनच्या मेंदूचे चार भाग, म्हणजे कोअर, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. तेव्हा दिसलं, की अट मोडायची त्या दरवेळी काम दुसऱ्याच कोअरवर झोपत होतं आणि चौथ्यावर उठत होतं. झोप पुरी होत होती. चौथ्या कोअरचं घड्याळच एका मिलिसेकंदानं मागे होतं. मशीन सुरू होताना सगळी घड्याळं जुळवणारा कोड पहिल्या दोन कोअरवरच थांबत होता. तो नऊ वर्षांपूर्वीचा होता, आणि माथ्यावर सरांचं नाव होतं.

तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"तेव्हा मशीनला दोनच कोअर होते," ते म्हणाले.

"हो. आता चार आहेत."

पुढच्या आठवड्यात सरांनी मोठ्या हॉलमध्ये या शोधावर व्याख्यान दिलं. आकृत्या लालबाईच्या होत्या, आभार 'टीम'चे होते. तिनं वाद घातला नाही. दुरुस्ती जमा करताना सोबतच्या नोंदीत मात्र चूक कुठल्या ओळीत होती, ती कुणी लिहिली आणि कुठल्या मीटिंगीत झाकली, हे तारखांसकट लिहिलं. ती नोंद कोडच्या इतिहासात गेली; आता कुणालाच पुसता येत नाही.

मग तिनं स्थैर्य धोरणही काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी अकरा चाचण्या लाल झाल्या. सर रजेवर गेले.