‘लळा’ला यमक

ताज्या दळलेल्या कॉफीचा वास आला की मला चामराजपेटमधला आमच्या मंडळाचा हॉल आठवतो, कारण कॉफीचं दुकान त्याला लागूनच होतं. एका गणपतीत माझं गाणं आमच्या गायकाने स्वतःचं म्हणून गायलं. जाब विचारला तर म्हणाला, “ताई, तुमच्या कानडी वळणाच्या मराठीला कविता कोण म्हणेल?” तो नुकताच पुण्याहून आलेला, कन्नडचा गंधही नव्हता. मी वर्षभर राग गिळून राहिले. पुढच्या गणपतीत तो स्टेजमागे घाईघाईने माझ्याकडे आला. “‘लळा’ला यमक सुचवा ना. गळा, मळा सगळं वापरून झालंय.” मी म्हटलं, “कळ्ळा. इथे कलावंताला म्हणतात.” तो खुशीत माइककडे गेला. “तुम्हीच लाविला लळा, मी या गाण्यांचा कळ्ळा,” ही ओळ त्याने डोळे मिटून पुन्हा पुन्हा आळवली. कन्नडमध्ये कळ्ळा म्हणजे चोर, हे हॉलमध्ये त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे बसलेल्या अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. हिरमुसून खाली उतरत त्याने विचारलं, “लोक का हसले?” “यमक चपखल बसलं म्हणून,” मी म्हणाले. त्याचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहून घेतला. इतक्या वर्षांनी तरी त्याची दया यायला हवी, पण येत नाही.