करीमभाईंच्या अंगणात

उपदेश करताना याकोबकाका डोळे मिटून घेत. देऊळघाटजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि काका आमचे उपदेशक. भक्तीत रंगल्यामुळे त्यांचे डोळे मिटतात, असं आम्ही समजत होतो. मी तेव्हा नुकतीच मिशनच्या शाळेत शिकवू लागले होते.

एका रविवारी ते पश्चात्तापावर बोलता बोलता थांबले. डोळे उघडून आमच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी तुमाले जे सांगतो, ते म्या सोता केलं नाही. माह्या खोट्या साक्षीनं एक मानूस तुरुंगात गेला."

हकिकत जुनी होती. बाप्तिस्मा घेण्याआधी ते एका पाटलाकडे सालदार होते. त्यांच्याच विडीची ठिणगी पडून पाटलाच्या कडब्याच्या गंज्या जळाल्या. पोलिसांनी दरडावल्यावर त्यांनी देऊळघाटच्या करीम रंगाऱ्याचं नाव घेतलं. करीमभाईंचं नि पाटलाचं नुकतंच भांडण झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. पुढे कचेरीत काकांनी तेच शपथेवर सांगितलं.

मिशनच्या साहेबांनी त्यांना बोलावून समजावलं. देवानं क्षमा केलेली आहे, आता हे उकरून काढलं तर सगळ्या मंडळीची बदनामी होईल. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देऊळघाटची वाट धरली. सोबतीला माझ्या वडिलांना नेलं, म्हणून पुढचं मला कळलं.

करीमभाई अंगणात रंगवलेलं लुगडं वाळत घालत होते. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून माफी मागितली. करीमभाईंनी लुगड्याची सुरकुती न् सुरकुती काढली, मगच ते वळले.

"मी आत होतो तवा माही बायको मेली. तिचं तोंड पाहाले भेटलं नाही मले. तू माफी कोनाले मांगून राह्यला?"

मग करीमभाईच पुढे म्हणाले, "लोकं मले अजून आग लावनारा म्हंतात. माह्या घरात येऊन काय सांगतो? बाजारात सांग."

काकांनी भर बाजारात सांगितलं. कुणी हसलं, कुणाला ते प्यायलेले वाटले, एकजण त्यांच्या पायाशी थुंकला. बुलढाण्याच्या कचेरीतही ते जाऊन आले. तिथल्या कारकुनानं, प्रकरण फार जुनं झालं म्हणून वाटेला लावलं. मिशननं त्यांना कामावरून काढलं आणि ते लोकांच्या शेतात निंदणीच्या मजुरीला जाऊ लागले. आमच्या मंडळीतही त्यांच्याशी कुणी धड बोलेना. आपलं मन हलकं करायला यानं आम्हा सगळ्यांना खाली पाहायला लावलं, असं माझी आई उघड म्हणायची. मलाही तेव्हा तिचं खरं वाटे.

पण हळूहळू लोक त्यांच्याकडे जाऊ लागले, तेही एकेकटे. कुणाचं तरी वाईट केल्याचा सल सांगून प्रार्थना करायला विनवत. काका एवढंच विचारत, "तो मानूस कुठी राह्यते?" आणि चपला घालत. माझे वडील धामणगाव बढ्याच्या आपल्या थोरल्या भावाशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते. जुन्या भांडणात त्यांनी भावावर हात उचलला होता. काका त्यांना तिथवर घेऊन गेले आणि स्वतः बाहेर उन्हात बसून राहिले. आत काय झालं, हे त्यांनी येताना विचारलं नाही.

करीमभाईंनी मात्र त्यांना माफ केलं नाही. वाटेत गाठ पडली की काका बाजूला सरून उभे राहत. करीमभाई न पाहता पुढे जात.

शेवटच्या दुखण्यात मी काकांना पेज द्यायला जात असे. एकदा न राहवून बोलून गेले, की करीमभाईंनी एका शब्दानं माफ केलं असतं तर तुमच्या जिवाला किती बरं वाटलं असतं.

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"त्याची बायको गेली, पोरी," ते म्हणाले. "आता मले बरं वाटावं, हे काम बी त्यानंच करावं काय?"