गुडघ्यांचे पैसे

आमच्या ह्यांनी बिटकॉइन माझ्या नावावर घेतलं. मुलुंडचा फ्लॅट त्यांच्या नावावर, स्कूटर त्यांच्या नावावर, पण पडणारी वस्तू मात्र बायकोच्या नावावर. "तुझ्यासाठीच घेतलंय गं," म्हणाले. खातं उघडताना माझ्या मोबाईलवर ओटीपी आले, ते मी कणीक मळता मळता वाचून दाखवले होते. मला वाटलं, गॅस बुक करताहेत.

पैसे कुठले, तर माझ्या गुडघ्यांचे. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले होते. आमची बिल्डिंग जुनी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना चढताना जात नाही एवढा उतरताना जीव जातो. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी केली, त्यातून मिळालेले पैसे मी ऑपरेशनसाठी दोघांच्या खात्यावर ठेवले होते. ते नुसते पडून सडताहेत, असं ह्यांचं मत झालं. "ऑपरेशन दिवाळीनंतर आहे ना, तोवर वाढू देत की."

हे गृहस्थ अंधेरीच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं मशिनं तपासत होते. खवट निघालेला नारळ परत करायला भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत जाणारे. पण बिटकॉइन पडलं तेव्हा म्हणाले, "करेक्शन आहे." आणखी पडलं तेव्हा त्याचं नाव हेल्दी पुलबॅक झालं. मी विचारलं, हेल्दी कोणाच्या तब्येतीला? तर मला समजवायला पहिल्या मजल्यावरचे भावोजी आले. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले, ह्यांचे मित्र, आणि ह्यांच्यानंतर आठवड्याभरात त्याच नादाला लागलेले. माझ्याच हातचा चहा पीत म्हणाले, "वहिनी, घाबरट लोक विकतात. आपण थांबायचं."

सगळं अमेरिकेमुळे, असं दोघांचं म्हणणं. तिथे आयात कर लावणार म्हटलं की पडायचं, पुढे ढकलला म्हटलं की चढायचं, विचार चालू आहे म्हटलं की हे दोघे फोनकडे बघत बसायचे. आपल्या बजेटच्या दिवशी तर दोघांनी आमच्या हॉलमध्ये अख्खं भाषण ऐकलं. त्यात क्रिप्टोचं नावसुद्धा आलं नाही. ह्यांनी अर्थ काढला, म्हणजे सरकारचा विरोध नाही. भावोजींनी अर्थ काढला, सरकार काहीतरी लपवतंय. मग दोघांनीही आणखी थोडं घेतलं.

त्यानंतर उभं राहण्याचं प्रकरण सुरू झालं. एका संध्याकाळी अमेरिकेतून कसलीशी घोषणा व्हायची होती. मी ओट्याशी भाजी परतत होते आणि भाव चढायला लागला. जरा टेकायला म्हणून स्टुलावर बसले, तर घसरला. मॅचमध्ये विकेट पडू नये म्हणून दोन-दोन तास जागेवरून न हलणारी आमची पिढी. ह्यांनी मान वर केली. "अगं, तू उभी राहा बघू. मी असलं काही मानत नाही, पण उभं राहायला काय पैसे पडतात?"

खोटं कशाला सांगू, मी उभी राहिले. मलाही हाव सुटली होती. मनातल्या मनात मी महागातला, परदेशी बनावटीचा गुडघा बसवून घेतला होता. सव्वा तास उभी होते. भाजी झाली, आमटी झाली, उद्याची भेंडी चिरून झाली. शेवटी तिकडे कोणीतरी सांगितलं, निर्णय पुढच्या महिन्यात. भाव धाडकन खाली. हे मला म्हणाले, "मघाशी ओट्याला टेकलीस ना तू?"

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना अर्ध्यावर पाय उचलेना. तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सांगायला लाज वाटत नाही. वर येऊन म्हटलं, "विका ते."

"आत्ता? तोट्यात?"

आठवड्याने थोडं चढलं, तेव्हा परत म्हटलं, विका. "आत्ता? आता तर चढतंय."

"अहो, पडताना विकायचं नाही, चढताना विकायचं नाही, मग माझं ऑपरेशन करायचं कधी?" ह्यांनी भावोजींना हाक मारली. ते वर येऊन म्हणाले, "वहिनी, ही लाँग टर्म गुंतवणूक आहे." मी बासष्ट वर्षांची आहे.

त्या दुपारी हे केस कापायला गेले आणि मी ते ॲप माझ्या फोनवर घेतलं. पासवर्ड विसरलात का, असं त्याने विचारलं, मी हो म्हटलं. ओटीपी माझ्याकडेच आला. या वेळी तो कोणाला वाचून दाखवला नाही. सगळं विकलं. तोटा तर होताच, वर विकतानाही कर कापला गेला. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे तडक खाली भावोजींकडे गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "दोन्ही एकदमच करायचे ठरले होते ना?" मी म्हटलं, एकाचेच पैसे उरलेत. "मग कुठला करायचा?" मी ह्यांच्याकडे बघितलं. घरातले सगळे निर्णय घेणारा माणूस स्वतःच्या चपला बघत होता. मला दया आली नाही. दोन्ही सारखेच दुखत होते, मी उजवा सांगितला.

उजवा झकास झालाय. डाव्यासाठी ह्यांनी नवीन खातं उघडलंय, या खेपेला स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फंडाच्या पैशांनी. जिना उतरताना डाव्या बाजूने माझा हात धरतात, न विसरता. परवा पहिल्या मजल्यावर भावोजी दारातच भेटले. "वहिनी, दुसरा कधी?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मार्केट सावरलं की करू," आणि भाव दाखवायला माझा हात सोडून त्यांनी फोन काढला. दोघे स्क्रीनवर वाकले. उरलेल्या पायऱ्या मी एकटीच उतरले.