आमच्या गावात ती कधी मेली नाही

हिंदी सिनेमात माझ्या आतेबहिणीइतकं देखणं मरणारं माणूस दुसरं झालं नाही, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून शपथेवर सांगायला तयार आहे. नाचणाऱ्या पुष्कळ झाल्या, रडणाऱ्या तर पोत्यानं झाल्या. पण नव्वदच्या दशकात नायकाला सूड घ्यायला एखादं सबळ कारण हवं असलं, की मुंबईचे निर्माते आमच्या कोपरगावकडच्या या पोरीला बोलावणं धाडत. ती कधी नायकाची बहीण असे, कधी नायिकेची मैत्रीण, एकदा तर खलनायकाच्या पोटी चुकून जन्मलेली गुणी मुलगी. राखी बांधायची, खीर करायची, परीक्षेत पहिली यायची आणि मध्यंतराच्या आत मरायचं. गोळी लागून, विष पिऊन, जिन्यावरून, जीपखाली, पुरात, आगीत, आणि एका सिनेमात काहीच सुचलं नाही म्हणून नुसत्या धक्क्यानं. तिला याचा तसूभरही कमीपणा वाटत नसे. नायिका असली काय नि नसली काय, पिक्चर चालतो, असं ती म्हणे. पण मी मेल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

ही विद्या तिला मुंबईनं शिकवली असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. ती शिकली आमच्या गावात. तिचे वडील ती शाळेत असतानाच आजारपणात गेले आणि आत्या लेकीला घेऊन आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाच्या गावी, राहायला आली. तेव्हापासून आम्ही दोघी एका ताटात जेवलो आणि एका विहिरीत पोहलो. विहिरीत ही बुडी मारायची ती वरच यायची नाही. काठावर आत्या ऊर बडवायला लागली, की मग हिचं डोकं पाण्यावर दिसायचं. पुढे मेल्यानंतर कॅमेरा दूर जाईपर्यंत छाती हलू द्यायची नाही, हे काम भल्याभल्यांना जमत नसे. ते हिला त्या बुड्यांमुळे हातचा मळ होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला मावळ्याचं काम मिळालं होतं, त्यात वाक्य एकही नव्हतं, फक्त बाण लागून पडायचं होतं. ती अशी काही पडली, की शिट्ट्या थांबेनात. तेव्हा ती उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि त्याच जागी पुन्हा मेली. हेडमास्तरांनी नंतर कान धरला, पण सोडताना शाबासकीही दिली.

मुंबईला गेली तरी तिचा पाय गावातून निघाला नव्हता. एसटीनं यायची, डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला रुमाल, कुणी ओळखू नये असा सगळा बंदोबस्त. आणि कुणी ओळखलं नाही तर फार दुःखी व्हायची. म्हणून ती एक थांबा आधीच उतरून गावातून चालत यायची, वाटेत दर चार घरांमागे चष्मा काढून पुसायची. आल्या आल्या भाकरी आणि ठेचा मागायची, आणि पोट भरलं की अभ्यासाला लागायची. अभ्यास म्हणजे माझा नवरा. हे साखर कारखान्यात नोकरीला, सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले की जगाशी संबंध सोडत. ही समोर पाट टाकून, हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे एकटक बघत बसायची. जबडा आधी सैल होतो की मान, बोटं आपोआप मिटतात की उघडतात, सगळं टिपायची. एकदा मला बाजूला घेऊन अगदी मनापासून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं मरण फार सुंदर आहे. एवढं निष्पाप मरण मला अजून साधलेलं नाही." मी शाळेत मास्तरीण, चारचौघांत काय बोलावं याचे धडे मुलांना देणारी. पण त्या वाक्यावर मी आधी ओसरीवर जाऊन ह्यांच्या नाकापुढे बोट धरून बघितलं.

एवढं सगळं गाव कौतुकानं बघत असताना एका माणसाला मात्र तिचं मरण सोसत नव्हतं, आणि ते माणूस म्हणजे आत्या. लेकीचा पहिला सिनेमा कोपरगावला लागला तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून, आळीतल्या सगळ्या बायका घेऊन गेली. पडद्यावर लेक हसली तेव्हा हिनं शेजारणीला कोपरखळी मारली. मग पडद्यावर जीप आली. आत्या जी उठली ती अंधारात पायऱ्या चाचपत बाहेर पडली आणि मिळेल त्या गाडीनं घरी. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. सिनेमा खोटा असतो हे काय आळीला ठाऊक नव्हतं? पण जिच्या घरी चूल पेटत नाही तिला उपाशी ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घरात माणूस गेलं की शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. तशा बायका एकामागून एक पिठलं घेऊन आल्या, पदर तोंडाला लावून बसल्या, आणि बैठकीत जीपवाल्याला शिव्या देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या ऑफिसातून मुंबईला फोन जोडून दिला. बहीण पलीकडून हसत ओरडून सांगत होती, की आई, मी जिवंत आहे, पोहे खातेय. आत्या म्हणाली, "ते ठाऊक हाय मला. पर मी बघितलं, त्याचं काय करू?"

त्यानंतर आत्यानं शपथच घेतली. लेकीचं मरण डोळ्यांनी बघणार नाही. आता जिचा धंदाच मरणाचा, तिच्या आईनं अशी शपथ घ्यावी म्हणजे पंचाईत. पुढे एक निर्माता शिर्डीला दर्शनाला जाताना वाट वाकडी करून आत्याला भेटायला आला, बहिणीनं सांगितलेलं बाजरीचं पीठ न्यायला. आत्यानं त्याला पाट दिला, चहा दिला, वर गुळाची पोळी वाढली, आणि तो खात असताना शांतपणे विचारलं, "माज्या लेकीला मारनारं ते तुमीच का?" त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यानं हात जोडून मोठ्या अदबीनं मान डोलावली. आत्यानं पीठ दिलं, पण पुन्हा पोळी वाढली नाही.

यातून मार्ग काढला तो तंबूवाल्या शेठनं. चैत्रात गावदेवीची यात्रा भरे, तेव्हा पडीक रानात त्याचा सिनेमाचा तंबू उभा राही. आमच्या बहिणीचे सिनेमे तो आवर्जून आणी, जीपवर कर्णा लावून गावोगाव ओरडत फिरे, की आपल्या गावची लेक पडद्यावर बघा. आत्याची शपथ त्याच्या कानावर गेली होती. शिवाय त्याचं स्वतःचंही मत होतं, की देवीच्या यात्रेत माहेरच्या लेकीला मारणं बरं नव्हे. तेव्हा ज्या रिळात ती मरायची ते रीळ तो डब्यातून बाहेरच काढत नसे. झालं, आमच्या गावात ती कधी मेली नाही. राखी बांधून ती जी स्वयंपाकघरात जाई ती परत दिसत नसे, आणि पुढच्या क्षणी नायक डोळ्यांत रक्त आणून बंदूक घेऊन निघे. का निघे हे परगावच्या पाहुण्यांना उमगत नसे. आम्ही त्यांना समजावून सांगत असू, की तापट आहे तो. आत्या भाकरीचं फडकं घेऊन पहिल्या रांगेत बसे, लेकीला खीर ढवळताना डोळे भरून बघे, आणि तिचं काम संपलं की समाधानानं घरी जाई. हे सगळं आम्ही बहिणीला कधी सांगितलं नाही. तिला वाटे, आईची शपथ सुटली.

मग तिला तो सिनेमा मिळाला. तिचं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत पहिल्यांदा नायिकेच्या लगेच खाली आलं. नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम होतं, आजारी, अंथरुणाला खिळलेली, आणि या वेळी जीप नाही की बंदूक नाही. एक अख्खं रीळ ती फक्त मरत होती. मुंबईत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. वर्तमानपत्रात तिच्यावर चांगला लांब परिच्छेद आला, तो मी वर्गात वाचून दाखवला आणि मुलांना शुद्धलेखनाला घातला. इतकी वर्षं जिला कुणी नावानं ओळखत नव्हतं, तिला रस्त्यात लोक थांबवून बोलू लागले. त्या चैत्रात ती गावी आली ती चष्मा न लावता. मला म्हणाली, की बाकी कुणी बघो न बघो, हे काम आईनं बघायला हवं, त्यासाठीच आलेय.

तंबूपाशी गेलो तर शेठ अभिमानानं सांगू लागला, की ताई, काळजी नको, तुमचं मरण्याचं रीळ आपण बाजूला ठेवलंय, दर साली ठेवतो तसं. मी जमिनीकडे बघू लागले. बहिणीचा चेहरा असा उतरला, की तिच्या कुठल्याच सिनेमात मी तसा पाहिला नव्हता. एवढी वर्षं आईनं बघितली ती खीर आणि राख्या. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. शेठला एवढंच म्हणाली, "अहो, त्या डब्यात आहे तेवढीच मी आहे. बाकीची कुणीही केली असती."

शेठ विरघळला, पण आत्यानं हो म्हटल्याशिवाय डबा उघडायला तयार होईना. आम्ही घरी आलो. आत्या परातीत पीठ मळत होती. बहिणीनं काही नाटक केलं नाही, वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं नाही. समोर बसली आणि म्हणाली, की आई, माझ्या हातून आजवर एकच गोष्ट चांगली झालीय, ती तू बघावीस. आत्यानं पीठ मळून संपवलं, हात धुतले. मग म्हणाली, "बघते. पर तू माज्या शेजारी बसायचं. हात सोडायचा न्हाई."

दिवेलागणीच्या खेळाला तंबू कनातीपर्यंत भरला. बायकांच्या बाजूला आम्ही तिघी खाली बसलो, आत्या मध्ये, मांडीवर पिठलं-भाकरीचं फडकं. पडद्यावर लेक अंथरुणाला खिळली तशी आत्याची बोटं तिच्या मनगटाभोवती आवळत गेली. ते रीळ लागलं. मी माझ्या बहिणीला लहानपणापासून मरताना पाहत आलेय. पण त्या दिवशी मीही शेजारी वाकून ती बसलेली आहे ना हे बघून घेतलं. पडद्यावरची थोरली पाणी मागते, नायिका धावत पेला आणते. थोरली पेला हातात घेते, नायिकेकडे बघून हसते, आणि ठेव, मग पिते, असं म्हणून तो न पिताच बाजूला ठेवते. बस, एवढंच. पुढे ती कधी गेली ते कळतही नाही. तंबूत बाहेरच्या, यात्रेतल्या पाळण्याची करकर ऐकू येत होती.

तंबूत मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागत. दिवे लागले आणि सगळा तंबू, मधल्या कनातीपलीकडचे पुरुषसुद्धा उठून, पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे बघू लागला. ती तिथं बसलेली होती, धडधाकट, आईच्या मुठीत हात. कुणीतरी टाळी वाजवली, मग थांबेचनात. अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला, की मी शेजारच्या अनोळखी बाईला, ही माझी बहीण, ही माझी बहीण, असं सांगत सुटले. आत्याचं टाळ्यांकडे लक्षच नव्हतं. ती लेकीकडे बघत होती. "पानी मागितलं न् पेली न्हाईस," ती म्हणाली. "तुज्या बापानं असंच केलं हुतं. तू दारात उभी हुतीस व्हय? मला वाटलं, मी एकलीनंच बघितलं." बहिणीनं होकारार्थी मान हलवली. आत्यानं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि भर तंबूत, साऱ्या गावादेखत, लेकीच्या तोंडात घातला.

त्यानंतर बहिणीला तसं काम पुन्हा मिळालं नाही. सिनेमे बदलले, नायकाला सूड घ्यायला कारण लागेनासं झालं. घरोघरी केबल आली तसा शेठचा तंबूही यात्रेत यायचा थांबला. बहीण मालिकांमध्ये कुणाकुणाची आई होऊ लागली, आणि आता मरू देत नाहीत गं, अशी तक्रार करू लागली. तो सिनेमा मात्र केबलवर एखाद्या रविवारी दुपारी लागायचा. लागला, की आत्या मला हाक मारायची. मी जाऊन बसले की माझा हात हातात घ्यायची आणि ते रीळ संपेपर्यंत, जाहिरातींसकट, घट्ट धरून ठेवायची.

सिनेमा संपायची ती वाट बघायची नाही. हात तसाच धरून मला उठवायची, आणि आम्ही दोघी प्रौढ बायका भर उन्हात, शाळकरी पोरींसारख्या हातात हात घालून, कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जायचो. मी एका हातानं मुंबईचा नंबर फिरवायची. पलीकडून आवाज आला की आत्या विचारायची, "पानी पेलीस का?" बहीण लगेच उठायची. फोन बाजूला ठेवल्याचा, माठाच्या झाकणाचा आवाज यायचा, आणि मग ती सांगायची, "प्याले, आई. आत्ताच प्याले." तेव्हा कुठे आत्या माझा हात सोडायची.