आरोपीच्या मागच्या बाकावर

माझ्या थोरल्या नणंदबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता, तोवर त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिसऱ्यांदा हलवले.

"वन्सं, साखर कुठे गेली?"

"जिथे आधीपासून असायला हवी होती, तिथे."

घर आम्हा दोघींना पुरणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. शेजारच्या मेकअपवाल्याने टीव्हीच्या स्टुडिओत नुसती बसायला माणसं हवीत असं सांगताच त्या दुसऱ्या दिवशी पर्स घेऊन निघाल्या.

मालिका खुनाच्या खटल्याची होती. गोष्ट कोर्टातल्या एकाच दिवसाची, पण चित्रण कित्येक महिने चालायचं. वन्संनी आरोपीच्या मागच्या बाकावर सुनावणी ऐकत बसायचं, एवढंच काम. रिकाम्या हातांनी बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं. दिग्दर्शक म्हणाला, "असू द्या, असू द्या. खरं वाटतं."

माझे डबे मुकाट्याने जागेवर आले. सकाळी बाहेर पडताना वन्संची पाठ पुन्हा नोकरीतल्यासारखी ताठ दिसू लागली.

पहिले भाग दाखवले गेले आणि घोटाळा उघडा पडला. तो पकडला दिग्दर्शकाच्या बायकोने. वकिलाने प्रश्न विचारला तेव्हा वन्संच्या हातातला स्वेटर चार बोटं होता, साक्षीदाराने उत्तर दिलं तेव्हा तो बगलेपर्यंत पोचला होता! प्रश्न एका आठवड्यात चित्रित झाला होता, उत्तर दुसऱ्यात.

मी नेमकी दुसऱ्याच दिवशी वन्संबरोबर स्टुडिओ बघायला गेले होते.

"बाई, उद्यापासून येऊ नका," दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला.

वन्संचा चेहरा उतरला. मला माझे डबे दिसू लागले. मग एक्स्चेंजमध्ये तक्रारवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "नाही येत. पण सकाळपासून आरोपीच्या मागे बसलेली बाई निकालाआधी गायब झाली, तर लोक म्हणतील, खून हिनेच केला."

कॅमेरावाला फिस्सकन हसला. न्यायाधीशांनी फायलीमागे तोंड लपवलं.

"आणि स्वेटरचं काय करू?" दिग्दर्शकाने विचारलं.

"ते माझ्यावर सोडा. दिवसभर विणेन, रोज सकाळी बगलेपर्यंत उसवून आणेन. तुमचा आरोपी नाही का एकच वाक्य दहादा म्हणत?"

जागा राहिली. घरी आमचे हे बहिणीला चिडवायचे, "ताई, कुणासाठी गं हा स्वेटर?"

"आरोपीसाठी. सुटला तर घालेल."

तीच वीतभर लोकर विणून-उसवून पार विरली. निकालाचा भाग लागला तेव्हा आमच्या छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर शेजारीपाजारी दाटीवाटीने बसले होते. न्यायाधीशांनी "निर्दोष" म्हटलं आणि पडद्यावरच्या वन्संनी सावकाश मान खाली घातली. कॅमेरा त्यांच्यावरच थांबला.

मेकअपवाल्याच्या बायकोने डोळे पुसले. "काय रडलात हो!"

"रडतेय कसली? धागा तुटला होता, टोक शोधत होते."

दोन दिवसांनी दिग्दर्शकाने स्वतः फोन केला. नवी मालिका, इस्पितळातली. वन्संना रुग्णाच्या आईचं काम, चांगली चार वाक्यं बोलायची.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण नवी लोकर आणणार आहे, आणि या खेपेला स्वेटर पुरा करणार."