एका सर्वनामासाठी सिअॅटलला

विमान उतरायला लागलं तेव्हा ढगांच्या वर एकच डोंगर दिसत होता, पांढराशुभ्र. शेजारच्या अमेरिकन बाई म्हणाल्या, "माउंट रेनिअर. रोज दिसत नाही, नशीबवान आहात." पुढच्या सगळ्या मुक्कामात तो मला पुन्हा दिसला नाही.

२००४चा सप्टेंबर होता. मी सिअॅटलजवळच्या बॉथेलला, मुलाकडे, अभिजितकडे चालले होते. नागपूरच्या कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि सहा वर्षांच्या नातीला, ईशाला, एकदाच पाहिलं होतं. येण्याचं खरं कारण तीच. पण पिशवीत आणखी एक काम होतं. इंग्रजीत आलेल्या आधुनिक चिनी कथांच्या एका संग्रहातली कथा मी मराठीत करत होते. सगळी झाली होती, फक्त शेवटचं वाक्य अडलं होतं.

कथा साधी आहे. सोळा वर्षांच्या मुलीला शहरातून दूरच्या खेड्यात शेतीकामाला पाठवलंय. त्या काळात चीनमध्ये शाळकरी मुलामुलींना असं पाठवत असत. एका शरदात आई तिला भेटायला येते, चार दिवस राहते, आणि परतताना गाडीच्या खिडकीतून म्हणते, "नव्या वर्षाला घरी ज्याओझ करू." ज्याओझ (उकडलेल्या करंजीसारखा पदार्थ) तिकडे नववर्षाला घरची सगळी माणसं मिळून करतात. कोण करू? इंग्रजीत 'वी' आहे. मी 'आम्ही करू' लिहिलं तर मुलगी त्यात नाही. 'आपण करू' लिहिलं तर ती आहे. इंग्रजीला हा भेद ठाऊकच नाही, आणि माझी सगळी कथा त्यावर टांगून राहिली होती.

लेखिकेचं नाव शूलान. ती सिअॅटलला राहते असं पुस्तकाच्या शेवटी छापलं होतं. अभिजितनं प्रकाशकाला ईमेल करून तिचा पत्ता मिळवला. तिनं शनिवारी बोलावलं.

"पण आई, शनिवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे," तो म्हणाला. "मला ड्राइव्ह करून नेता येणार नाही. रविवारचं विचारू का?"

"त्यांनी शनिवार दिलाय. मी बसनं जाईन."

"तू? बसनं?"

"नागपुरात काय मी विमानानं फिरते?"

ईशा हसली आणि इंग्रजीत म्हणाली की आजीला बस आवडते. तिला माझं मराठी सगळं समजायचं आणि उत्तर ती इंग्रजीत द्यायची. आमचं छान चालायचं, पण काही वेळा मला वाटायचं की आम्ही दोघी एकाच नदीच्या दोन काठांनी चालतोय.

शनिवारी बारीक पाऊस होता. रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर काळी जांभळट ब्लॅकबेरी लगडली होती. तोडणारं कुणी नव्हतं. बसथांब्यापर्यंत चालताना मी मूठभर खाल्ली आणि पांढऱ्या साडीवर डाग पाडून घेतला. सिअॅटलला बस बदलली आणि एक थांबा आधीच उतरले. चढावर धापा टाकत उभी असताना एक म्हातारा चिनी गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन चालला होता. त्याला पत्ता दाखवला. तो एक शब्द बोलला नाही, फक्त माझ्यापुढे चालू लागला आणि दारापाशी पोचवून आल्या वाटेनं परतला.

शूलान पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी माझ्या साडीवरचा डाग पाहिला आणि म्हणाल्या, "ब्लॅकबेरी. मीही खाते. माझ्या मुलीला लाज वाटते." मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्या मला 'लाओशी' (बाई, गुरुजी) म्हणू लागल्या. नागपुरात रस्त्यात भेटणारे जुने विद्यार्थी मला 'बाई' म्हणतात. ते इतक्या लांब, दुसऱ्या भाषेत ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

मी शाकाहारी, म्हणून त्यांनी कोबी आणि मश्रूमचे ज्याओझ केले होते. त्या पाऱ्या लाटत होत्या. मीही चार भरले. माझी मुरड करंजीची होती, ती बघून त्यांनी कौतुकानं मान डोलावली. आम्ही इंग्रजीतच बोलत होतो, दोघींच्याही शिकून घेतलेल्या इंग्रजीत.

"आता लिहिता का?" मी विचारलं.

"नाही. रविवारी मुलांना चिनी शिकवते. मी चिनीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात."

"आमच्याकडेही तसंच."

मग मी माझं अडलेलं वाक्य सांगितलं. मराठीत दोन शब्द आहेत, एकात समोरचा माणूस धरलेला असतो, एकात नसतो, हे समजावू लागले. माझं अर्धं बोलणं झालं असेल, तेवढ्यात त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आमच्या उत्तरेकडच्या बोलीत आहेत," त्या म्हणाल्या. "वोमन म्हणजे तुमचं 'आम्ही'. त्सानमन म्हणजे तुमचं 'आपण'. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नाही."

"मग गोष्टीत कुठला आहे?"

"त्सानमन. आपण."

मला हलकं वाटलं. पण त्या पुढे बोलतच राहिल्या.

"माझी आई खरोखर म्हणाली होती ते वोमन. ती, वडील आणि धाकटा भाऊ. मला सुट्टी मिळणार नाही हे तिला माहीत होतं. ती खोटं बोलली नाही, एवढंच."

बाहेर पाऊस वाढला होता. त्यांनी गॅस बारीक केला.

"लहानपणापासून आम्हाला सगळं 'आम्ही'मध्येच लिहायला शिकवलं होतं. निबंध, भिंतीवरची पत्रकं, सगळं. 'मी'नं वाक्य सुरू केलं तर कुणीतरी विचारायचं, हा मी कोण? पुढे दिवस बदलले. माझ्या वयाचे लोक स्वतःचं, स्वतःवर गुदरलेलं लिहायला लागले. मीही एका रात्री कागदावर 'मी' लिहिला. आणि लाओशी, त्या 'मी'ला नेऊन कुठे ठेवायचं तेच मला कळेना. गावात ती नको होती, घरी तिची जागा भरली होती. शेवटी तिला आईच्या त्सानमनमध्ये ठेवली."

"आईनं वाचली?"

"मासिकात आली तेव्हा चष्मा लावून स्वयंपाकघरात बसून वाचली. मी दारात उभी. वाचून झाल्यावर म्हणाली, 'तुला सगळं नीट आठवतंय.'"

त्यांनी एकेक ज्याओझ उकळत्या पाण्यात सोडला.

"आपण खरं काय म्हणालो ते ती विसरली होती, की तिलाही तो शब्द तसाच हवा होता, हे मला कधी कळलं नाही. आता विचारायला ती नाही."

ज्याओझ वर तरंगून आले होते. आम्ही व्हिनेगरमध्ये बुडवून गरम गरम खाल्ले. निघताना मी विचारलं, "मग मी मराठीत काय लिहू?"

"गोष्टीत आहे ते," त्या म्हणाल्या. माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत आल्या आणि बस वळेपर्यंत छत्री धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे दिवस माझे कान निष्कारण तिखट झाले. अभिजित फोनवर मित्राला म्हणायचा, "आमच्याकडे या वीकेंडला," आणि मला ते घर, हिरवळ, गॅरेज दिसायचं. पूर्वी तो होस्टेलवरून फोन करायचा तेव्हा नागपूरच्या घराला 'आपल्याकडे' म्हणायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याचं घर तेच होतं.

विमानतळावर त्यानं माझी बॅग चढवली, पाया पडला आणि म्हणाला, "आई, नेक्स्ट दिवाळीला आम्ही नक्की येतो. तिकिटं लवकर बुक करतो." ईशानं गळ्याला मिठी मारली.

घरी येऊन कथेचं शेवटचं वाक्य एका बैठकीत लिहिलं: 'नव्या वर्षाला आपण घरी ज्याओझ करू.' मग हे प्रवासवर्णन लिहायला घेतलं आणि विमानतळापाशी येऊन थांबले. 'पुढच्या दिवाळीला आपण सगळे घरी असू,' असं अभिजितच्या तोंडी घातलं. वाक्य सुरेख दिसत होतं. तो वाचेल तेव्हा कदाचित म्हणेल, आई, तुला सगळं नीट आठवतंय. बराच वेळ ते तसंच राहू दिलं. मग खोडलं आणि तो म्हणाला होता तेच लिहिलं. शूलानची आई आता नाही. माझा मुलगा आहे, आणि 'आपण' हा शब्द त्याच्याच तोंडून यावा अशी अजून मला आशा आहे.